साक्ष म्हणून छापलेली कादंबरी

मी दारू सोडली त्याला आठ वर्षं झाली, असं आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी भर उपासनेत जाहीर केलं तेव्हा मी डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर बसलो होतो. मी दारू कधी घेतलेली नव्हती. लग्नाआधी एकदा खोकल्याचं औषध जास्त झालं होतं, तेवढंच.

पाळक तोरणेसाहेबांच्या हातात माझं पुस्तक होतं. सगळ्यांना दिसावं म्हणून त्यांनी ते उंच धरलं. मुखपृष्ठावर माझा फोटो होता. मूळ फोटो पासपोर्टचा, तो मोठा करून छापला होता. त्यात मी आठ वर्षांपूर्वीपर्यंत नक्की पीत असेन असा दिसत होतो.

‘‘आपल्याच मंडळीतला माणूस,’’ साहेब म्हणाले, ‘‘आणि आपल्याला पत्ता नाही! वजनमापे खात्यात नोकरी, रविवारी वेळेवर हजर, आणि आत केवढा अंधार! दारूपायी बायकोचं शिलाई मशीनसुद्धा विकलं! आणि एस्तेरबाईंनी ते सगळं सोसलं. एस्तेरबाई, जरा उभ्या राहा.’’

एस्तेर माझी बायको. ती बायकांच्या बाजूला बसली होती. ती काही उभी राहिली नाही. शेवटी शेजारच्या दोघींनी दंडाला धरून तिला उभं केलं. मंडळीनं टाळ्या वाजवल्या, आणि पेटीवाल्यानं न सांगता विजयाचं एक गीत सुरू केलं.

घरी आल्यावर दार लावून एस्तेर म्हणाली, ‘‘माझं शिलाई मशीन तुम्ही कधी विकलंत?’’

‘‘मी नाही विकलं. सायमननं विकलं.’’

‘‘कोण सायमन?’’

‘‘कादंबरीतला नायक.’’

‘‘मग फोटो कुणाचा आहे वर?’’

मी पुस्तक पालथं ठेवलं.

झालं होतं असं. नऊ वर्षं खपून मी एक कादंबरी लिहिली होती. एक पहारेकरी दारूपायी बायकोचं मशीन विकतो, घर सोडतो, सहा वर्षांनी परत येतो आणि बायको त्याला मागच्या दारानं आत घेते, एवढीच गोष्ट. सगळी ‘मी’च्या तोंडून सांगितलेली. नाव ठेवलं होतं ‘मागचं दार’. आपल्या अहमदनगरकडच्या ख्रिस्ती माणसांवर, ती जशी आहेत तशी, एक तरी धड कादंबरी असावी अशी माझी फार इच्छा होती. ती इच्छा मला अजूनही गैर वाटत नाही.

आधी मी हस्तलिखित पुण्यामुंबईच्या मोठ्या प्रकाशकांकडे पाठवलं. एकानं कळवलं की लेखन प्रामाणिक आहे, पण पात्रं पिठलं-भाकरी खातात, नाताळाला करंज्या करतात आणि तुमच्याआमच्यासारखं मराठी बोलतात, त्यामुळे ती ख्रिस्ती वाटत नाहीत. केकचा उल्लेख कुठंतरी घालता येईल का? दुसऱ्यानं कळवलं की ‘पाळक’, ‘मंडळी’, ‘साक्ष’ असे शब्द आमच्या वाचकाला अडतात. तिसऱ्यानं काहीच कळवलं नाही, मात्र हस्तलिखित परत आलं तेव्हा त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग होता. निदान चहा घेता घेता कुणीतरी ते हातात धरलं असावं, असं मी धरून चाललो.

मग मी आपल्या माणसांकडे गेलो. पुण्यात ‘ज्योतिर्मय ख्रिस्ती साहित्य मंडळ’ नावाची संस्था होती. तिचे चिटणीस सिलास पाटोळे. अंगानं बारीक, बोलायला गोड, आणि निर्णय कधीच स्वतःचा नाही, नेहमी समितीचा.

‘‘समितीनं वाचलं,’’ ते म्हणाले. ‘‘समिती रडली.’’

मला आनंद झाला.

‘‘फक्त समितीचं म्हणणं पडलं की, हे कुठल्या गावी घडलं?’’

‘‘कुठंच नाही. कादंबरी आहे.’’

‘‘म्हणजे घडलेलं नाही?’’

‘‘कल्पित आहे.’’

पाटोळ्यांनी चष्मा काढून पुसला. ‘‘उमापसाहेब, आपण तीन प्रकारची पुस्तकं काढतो. उपदेश, संडेस्कूलचे धडे आणि साक्षी. न घडलेलं आपण छापत नाही. देणगी देणारी माणसं भाविक असतात. त्यांच्या पैशानं खोटं छापलं, असं उद्या कुणी म्हणालं तर?’’

‘‘प्रभूनं दाखल्यांच्या गोष्टी सांगितल्या. घर सोडून परत आलेला तो उधळ्या पुत्र तरी कुठल्या गावचा होता?’’

‘‘ते प्रभूचं,’’ पाटोळे म्हणाले. ‘‘त्यांना समिती नव्हती.’’

दोन महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. समितीनं पुस्तक स्वीकारलं होतं. किरकोळ बदल सुचवले होते. पश्चात्ताप पान एकशे ऐंशीवर येतो तो चाळिसाव्या पानापर्यंत आणता येईल का, ही पहिली सूचना. तिला मी नकार दिला आणि लढाई जिंकल्यासारखा घरात फिरलो. ‘सायमन’ हे नाव दोनच ठिकाणी येतं, ते गाळावं का, ही दुसरी सूचना. ती मी मोठ्या मनानं मान्य केली. कार्यालयाच्या फायलीसाठी एक फोटो पाठवावा, ही तिसरी. तोही पाठवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुस्तक आलं तेव्हा त्याचं नाव होतं ‘मी कसा परतलो : एक साक्ष’. कादंबरी हा शब्द शोधूनही सापडत नव्हता. नायकाला नाव उरलं नव्हतं, म्हणजे माझंच उरलं होतं.

मी पुण्याला गेलो. पाटोळ्यांनी मला खुर्ची दिली. ‘‘तुम्ही फक्त गप्प राहा,’’ ते म्हणाले. ‘‘कुणी विचारलं तर हो म्हणू नका, नाही म्हणू नका. ही पाचशे प्रतींची आवृत्ती संपू द्या. दुसऱ्या आवृत्तीत पहिल्या पानावर, कंसात, ‘कादंबरी’. समितीनं तत्त्वतः मान्य केलंय.’’

त्या कंसातल्या शब्दासाठी मी गप्प राहिलो. आज हसू येतं, पण नऊ वर्षं घातलेल्या माणसाला कंससुद्धा मोठा वाटतो.

गप्प राहणं मला सोपं होतं. एस्तेरला नव्हतं. मंडळीतल्या बायका तिच्याकडे दया घेऊन येऊ लागल्या. कुणी लाडू आणले, कुणी स्तोत्रसंहिता आणली. एकीनं तर स्वयंपाकघरात उभं राहून तिच्यासाठी एवढा वेळ प्रार्थना केली की चुलीवरचं दूध उतू गेलं. महिला मंडळानं एक जुनं शिलाई मशीन भेट म्हणून आणलं. आमचं मशीन बाहेरच्याच खोलीत होतं. ते पाहून अध्यक्षीणबाई गहिवरून म्हणाल्या, ‘‘सोडवून आणलं वाटतं? देव दुप्पट देतो बघा!’’ आता आमच्या बाहेरच्या खोलीत दोन मशिनं होती आणि बसायला जागा नव्हती.

‘‘मी आठवडाभर मागच्या गल्लीनं भाजीला जातेय,’’ एस्तेर म्हणाली. ‘‘माझ्या संसाराची वीस वर्षं मी झाकून नीट केली. कधी कुणाला चार शब्द बोलायला जागा ठेवली नाही. आणि तुम्ही पुस्तक काढून सगळ्या गावाला माझी कीव करायला लावलीत. मला कीव नको.’’

‘‘दुसऱ्या आवृत्तीत…’’

‘‘मला आवृत्ती माहीत नाही. तुम्ही लोकांसमोर उभं राहून सांगायचं, की हे रचलेलं आहे आणि माझ्या घरात असं काही झालेलं नाही. माझं नाव तुम्ही घालवलंत, तुम्हीच परत आणा.’’

नेमकं त्याच आठवड्यात पाटोळ्यांचं पत्र आलं. श्रीरामपूरजवळ एका खेड्यात जानेवारीत तीन दिवसांची जागृतीसभा भरते. तिथं साक्षीसाठी, म्हणजे आपण देवाकडे कसे वळलो ते लोकांपुढं सांगण्यासाठी, माझं नाव घातलं होतं. पुस्तकांचं टेबल लागणार होतं. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं, ‘पत्नीसह यावे. पत्नीसह आल्यास विक्री चांगली होते.’

एस्तेरनं पत्र वाचलं. ‘‘मी येते,’’ ती म्हणाली. ‘‘पुढच्या रांगेत बसते. तुम्ही सांगेपर्यंत हलणार नाही.’’

तिथं सांगून झालं की पुढच्या रविवारी आपल्या मंडळीतही सांगायचं, असं ठरलं. मी कबूल केलं. बसमध्ये बसल्यावर मी एका कागदावर चार वाक्यं लिहिली. ‘हे पुस्तक कल्पित आहे. मी कधी मद्य घेतलेले नाही. माझ्या पत्नीवर असा प्रसंग कधीही आलेला नाही. आमचे घर सुखी आहे.’ एस्तेरनं तो कागद वाचला आणि घडी करून परत दिला. तिला पसंत पडला असं मी समजलो.

सभा एका शाळेच्या मैदानावर होती. मोठा मांडव, त्याच्या मागं पत्र्याची शेड, आणि दोन्हींच्या मध्ये कनात. कनातीला लागून पाटोळ्यांनी टेबल मांडलं होतं. माझी शंभर पुस्तकं त्यांनी बुरुजासारखी रचली होती आणि त्यामागं मला बसवलं होतं. लोक येत, मुखपृष्ठ बघत, मग मला बघत, मग परत मुखपृष्ठ बघत. एका म्हाताऱ्यानं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, ‘‘कोणती घ्यायचा तुम्ही? मी हातभट्टीची घ्यायचो.’’ मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्यानं दोन प्रती घेतल्या.

माझी साक्ष दुपारी होती. अकरा वाजता शेडमध्ये बायकांची वेगळी सभा भरली. एस्तेर तिथं गेली. कनातीपलीकडून सगळं ऐकू येत होतं. गीत झालं, प्रार्थना झाली, आणि मग एक आवाज आला. बाई साधारण चाळिशीची असावी, शेतावर राबणारीचा मोकळा आवाज.

‘‘नगरहून आलेल्या बाईंना एक इचारायचं व्हतं. मी सगुणा. मह्या मालकानं पंधरा वर्सं दारूपायी घराचं वाटोळं केलं. आता तीन महिनं झालं, प्याला न्हाई. भावाच्या मळ्यावर ऱ्हातोय. आमच्या पाळकानं त्याला तुमच्या मालकाचं पुस्तक वाचून दावलं, तवापासून. आता निरोप धाडतोय, घरी येऊ का म्हणून. मी काय सांगू, बाई? तुम्ही कसं घेतलं घरात? तुमचं मन कसं झालं?’’

टेबलाशी पाटोळे माझ्याकडे बघू लागले. मी कनातीकडे बघू लागलो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. आता एस्तेरच सांगणार, की बाई, हे सगळं रचलेलं आहे. मग मला फक्त दुजोरा द्यायचा. एक वाक्य पुरलं असतं.

‘‘मी ते पुस्तक वाचलेलं नाही,’’ एस्तेर म्हणाली.

पाटोळ्यांनी डोळे मिटले. बहुधा प्रार्थना असावी.

‘‘आमचे हे दारू पीत नाहीत. कधीच पीत नव्हते. ते पुस्तक त्यांनी मनानं रचलंय.’’

‘‘म्हंजी तुम्हाला सोडून गेलेच न्हाईत?’’ सगुणाबाईंचा आवाज पडला होता.

एस्तेर म्हणाली, ‘‘नऊ वर्षं घरी नव्हते.’’

‘‘कुठं गेल्ते?’’

‘‘आतल्या खोलीत.’’

दोघीतिघी हसल्या. एस्तेर हसली नाही, तेव्हा त्याही थांबल्या.

‘‘लिहीत होते,’’ ती सांगू लागली. ‘‘ऑफिसातून आले की चहा, आणि आतून कडी. सुट्टी असली की सकाळपासून कडी. मारणं नाही, शिवी नाही, पगार सगळा माझ्या हातात. तक्रार कशाची करणार? माझे वडील गेले तेव्हा राहुरीहून तार आली. संध्याकाळची वेळ होती. मी दार वाजवलं. आतून म्हणाले, हे प्रकरण संपू दे. मी म्हटलं, बाबा गेले. आतून काही आवाज आला नाही. त्यांनी ऐकलं की नाही, मला अजून माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. तार दाराच्या फटीतून आत सरकवली आणि सहाच्या गाडीनं एकटी गेले. दुसऱ्या दिवशी माती झाली. हे तिसऱ्या दिवशी आले.’’

मी ऐकलं होतं. हे इथं लिहून टाकतो, कारण एस्तेरला मी पुढं सांगितलं तरी इतरांना सांगितलेलं नाही. ‘बाबा गेले’ हे मी दोन्ही कानांनी ऐकलं होतं. नायक परत येतो ते प्रकरण मी त्या वेळी लिहीत होतो. बायको दार उघडते आणि काय बोलते, ते मला नुकतंच सुचलं होतं. उठलो तर ते वाक्य जाईल असं वाटलं. तासाभरानं उठावं असं ठरवलं. तार दिसली, ती वहीत खूण म्हणून ठेवली. तासाचे दोन दिवस झाले.

‘‘माहेरी सगळे विचारत होते, जावई कुठं आहेत,’’ एस्तेर म्हणाली. ‘‘मी सांगितलं, साहेबांनी रजा दिली नाही. आईला सांगितलं, भावाला सांगितलं, माती द्यायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. बापाच्या पेटीशेजारी उभी राहून मी खोटं बोलत होते. त्यामुळं मला रडायलासुद्धा सवड झाली नाही.’’

‘‘मंग घरात कसं घेतलं त्यांना?’’ सगुणाबाईंनी विचारलं. त्यांना अजून उत्तर हवंच होतं.

‘‘घेणार कसं? बाहेरून आलेल्या माणसाला ‘या’ म्हणता येतं. घरातच असलेल्याला काय म्हणायचं?’’ एस्तेर म्हणाली. ‘‘तुमचे मालक ‘येऊ का’ म्हणून विचारतायत. विचारतायत तर येऊ द्या. पण एक करा. त्यांनी जे केलं ते त्यांच्याच तोंडानं ज्याला त्याला सांगू द्या. त्यांच्या वतीनं तुम्ही कारणं सांगत फिरू नका. मी सांगितली, म्हणून तुम्हाला सांगते. त्यानं बाईचं तोंड कायमचं बांधलं जातं.’’

मला लाज वाटली. दुसरा कुठला शब्द शोधत बसत नाही. सासऱ्यांच्या मातीला न जाण्याचं ‘रजा मिळाली नाही’ हे कारण मी इतक्यांदा ऐकलं होतं की मला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं होतं. वास्तविक तिसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज टेबलावर ठेवला, तेव्हा आमच्या साहेबांनी वर न बघता सही केली होती आणि ‘चार दिवस राहा की’ असंही म्हणाले होते.

दुपारी माझं नाव पुकारलं. एस्तेर पुढच्या रांगेत बसली होती, ठरल्याप्रमाणे. मी कागद उघडला. पहिलं वाक्य वाचलं, ‘‘हे पुस्तक कल्पित आहे.’’ मांडवात चुळबुळ झाली. दुसरं वाचलं, ‘‘मी कधी मद्य घेतलेले नाही.’’ मागून कुणीतरी जोरात ‘‘आमेन!’’ म्हणालं. तिसरं वाक्य होतं, माझ्या पत्नीवर असा प्रसंग कधीही आलेला नाही. ते वाचवेना. मी कागद खिशात घातला.

‘‘माझे सासरे वारले,’’ मी म्हणालो, ‘‘तेव्हा मी त्यांच्या मातीला गेलो नाही. रजा मिळाली नाही असं सगळ्यांना सांगितलं गेलं. ते खोटं आहे. मी रजा मागितलीच नव्हती. मी घरी बसून हेच पुस्तक लिहीत होतो. माझ्या बायकोनं माझ्यासाठी खोटी साक्ष दिली. एवढंच सांगायचं होतं.’’

साक्ष संपली की लोक ‘स्तुती असो’ म्हणतात. कुणी म्हणालं नाही. साक्षीत माणूस दरीत पडतो, मग वर येतो. मी दरीतच थांबलो होतो. अध्यक्षांनी घाईनं पुढचं गीत जाहीर केलं. माझ्या मते एवढी छोटी साक्ष त्या सभेत त्याआधी झाली नसावी.

पाटोळे टेबलावरची पुस्तकं खोक्यात भरत होते. ‘‘समितीला काय सांगू?’’ ते म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. दुसरी आवृत्ती निघाली नाही, हे वेगळं सांगायला नको. उरलेल्या प्रती त्यांनी पुढं माझ्याकडे पाठवून दिल्या, आणि त्या आम्हाला दुसऱ्या मशिनावर रचाव्या लागल्या.

परतीच्या बसमध्ये मी एस्तेरशेजारी बसलो. तिनं काहीतरी म्हणावं असं मला वाटत होतं. कौतुक नको, पण काहीतरी. शेवटी मीच विचारलं, ‘‘बरोबर बोललो ना?’’

‘‘बरोबर बोललात,’’ ती म्हणाली. ‘‘पण त्यांना सांगून काय उपयोग? त्यांच्यातलं कुणी माझ्या बाबांना ओळखत होतं का?’’

ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, ‘‘राहुरी येईल आता.’’

‘‘हो.’’

‘‘उतरता का?’’

मला उतरायचं नव्हतं. मांडवातल्या हजार लोकांपुढं बोलणं एक वेळ परवडलं. राहुरीत माझी सासू होती आणि मेहुणा अमोस होता, आणि अमोस कुस्ती खेळलेला माणूस. पण तिनं विचारलं होतं. वीस वर्षांत ती पहिल्यांदाच मला ‘बरोबर येता का’ असं विचारत होती. आम्ही उतरलो.

सासूबाई ओट्यावर गवार मोडत बसल्या होत्या. ‘‘सलाम, जावईबापू,’’ त्या म्हणाल्या, ‘‘अचानक?’’ अमोस आतून तांब्या घेऊन आला. मी पाणी घेतलं नाही. आधी घेतलं असतं तर बोलायला जमलं नसतं. एस्तेर दाराशी उभी होती. ती आत गेली नाही की बसली नाही.

‘‘आई,’’ मी म्हणालो, ‘‘बाबांच्या मातीला मी आलो नव्हतो. एस्तेरनं सांगितलं की साहेबांनी रजा दिली नाही. ते खरं नाही. मी घरी होतो. तार मिळाली होती. मी लिहीत बसलो होतो, म्हणून आलो नाही. चूक माझी आहे, तिनं मला झाकलं.’’

अमोसनं तांब्या खाली ठेवला. मी त्याच्या हातांकडे बघत होतो.

सासूबाईंनी एक शेंग मोडली. ‘‘माहीत आहे,’’ त्या म्हणाल्या.

‘‘कुणी सांगितलं?’’ एस्तेरनं दारातून विचारलं.

‘‘कोण सांगणार? अगं, माती रविवारी झाली. उपासना आटोपून मंडळी तशीच चर्चमधून इकडं आली होती. रविवारी कुठलं सरकारी ऑफिस उघडं असतं?’’

तो वार आमच्या दोघांच्या कधी डोक्यातच आला नव्हता.

‘‘सगळ्यांना कळलं होतं?’’ एस्तेर म्हणाली.

‘‘सगळ्यांना,’’ अमोस म्हणाला. ‘‘पाळकांना पण.’’

‘‘मग कुणी बोललं का नाही?’’

‘‘तू एवढं तोंड सुकवून एकेकाला सांगत होतीस,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘कुणाचं धाडस होणार? सगळ्यांनी माना डोलावल्या. तुझे थोरले चुलते तर म्हणाले, हल्लीचे साहेब लोक फारच कडक झालेत बघ.’’

एस्तेर आधी हसली. मोठ्यानं, पोट धरून हसली. अमोसही हसायला लागला. मग ती हसता हसता आईच्या मांडीशी बसली आणि रडायला लागली, ‘बाबा, बाबा’ म्हणून, घर घुमेल अशी. सासूबाईंनी गवारीचं ताट बाजूला सारलं. बापासाठी ती रडली होती का, किती रडली होती, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी तिथं नव्हतो. या वेळी मी ओट्यावर तिच्या शेजारी बसलो आणि तिचं रडणं संपेपर्यंत उठलो नाही.